तेरा जोड्या बरगड्या : कुत्र्याच्या छातीचा नमुना करतानाच्या नोंदी

आमच्या शरीररचना विभागाच्या म्युझियममध्ये कुत्र्याच्या छातीचा एक सांगाडा होता. फळीला वाळवी लागली आणि गेल्या पावसाळ्यात तो खाली आला. तुकडे गोळा करताना कळलं की बरगड्या मुळात पंचवीसच आहेत, आणि डाव्या बाजूच्या दोन उजवीकडे ठोकून दिलेल्या आहेत. इतकी वर्षं तोंडी परीक्षा त्याच नमुन्यावर चालली होती आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "नवीन करा. आणि नुसती हाडं नकोत, फुफ्फुसंही हवीत." मी प्रयोगशाळा साहाय्यक आहे. सोबत आमचे मामा, विभागातले सगळ्यात जुने शिपाई. या नोंदी दुसऱ्या कॉलेजांमधल्या आमच्यासारख्या लोकांसाठी. तात्त्विक भाग पुस्तकात आहे, इथे फक्त काय बिघडलं आणि ते कसं सावरलं एवढंच.

१२ नोव्हेंबर २०२४

पहिलं शव मिळालं. गावठी नर, पाचेक वर्षांचा, १८ किलो. हायवेवर गाडीची धडक बसली होती. दवाखान्यात आणला तेव्हा धाप लागलेली, तासाभरात गेला. मालकांनी संमतीपत्रावर सही केली, रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवलं. कार्ड नसतं तर घेतला नसता. रस्त्यावर मेलेलं, पूर्वेतिहास माहीत नसलेलं कुत्रं उचलून आणायचं नाही, हा नियम. मामांचं, माझं आणि मॅडमचं रेबीजचं आगाऊ लसीकरण झालेलं आहे. तुमचं नसेल तर या कामाला हात लावू नका.

रात्रभर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला.

१३ नोव्हेंबर

पुढचे पाय आधी काढले. दरवेळी नव्या मुलांना हे दाखवायला मजा येते : बगलेत हात घालून खांद्याचं पातं उचलायचं, सुरीने स्नायू सोडवत जायचं, आणि पाय अख्खा हातात येतो. कापायला एकही सांधा लागत नाही. कुत्र्याला कामाची कॉलरबोन नसते. धड दोन्ही पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं.

पिंजरा अख्खा हवा होता म्हणून पोटाकडून शिरलो. एरवी डायफ्रॅमला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, टोचा मारला की हवा आत शिरल्याचा बारीक सुस्कारा ऐकू येतो. इथे काहीच नाही. डावीकडे बघतो तर डायफ्रॅम कडेपासून फाटलेला. यकृताचा एक लोब (खंड) आणि आतड्याचं एक वेटोळं छातीत गेलेलं. धाप कशाची होती ते समजलं. पोट उघडलं तेव्हाच हवा त्या भगदाडातून छातीत गेली होती, म्हणून सुस्कारा नाही.

आता माझी चूक. श्वासनलिका वर कापली, हृदय आणि फुफ्फुसं एकत्र धरली आणि मागे ओढली. उजव्या बाजूला काहीतरी अडलं. मी जोर लावला. फाटलं. उजव्या फुफ्फुसाला चार लोब असतात, त्यातला अॅक्सेसरी लोब मागच्या महाशिरेला, म्हणजे कॉडल व्हेना कॅव्हाला, कवेत घेऊन बसतो. शीर डायफ्रॅमला जोडलेली, लोब शिरेला अडकलेला. शीर दोन्ही बाजूंनी कापून लोबासकट सोडवायला हवी होती. हे मी दहा वर्षं मुलांना चित्रात दाखवत आलो आहे.

तसंही डावं फुफ्फुस मारामुळे काळंनिळं होतं, फुगवून वाळवायला निकामी. फुफ्फुसं फॉर्मालिनच्या बरणीत. वेळ गेला चार तास.

१५ नोव्हेंबर

या दिवशीची नोंद लिहायला लाज वाटते.

घाई केली. मांस वरवर काढून पिंजरा अख्खाच्या अख्खा मोठ्या पातेल्यात ठेवला, धुण्याचा सोडा टाकला आणि गॅस लावला. पातेलं अॅल्युमिनियमचं होतं, सोड्यानं खाल्लं, काळं पडलं. ₹१,१०० तिथेच गेले. मला वाटलं होतं तासभर मंद उकळी पुरे. मध्ये एक फोन आला, मग मॅडमनी वर बोलावलं. परत आलो तेव्हा दोन तास उलटून गेले होते. मामा पातेल्यात डोकावून म्हणाले, "खिचडी झाली की हो सर."

झालीच होती. बरगडीचं हाड मध्येच संपतं आणि पुढे उरोस्थीपर्यंत (छातीच्या मधल्या हाडापर्यंत) कार्टिलेज, म्हणजे कूर्चा, जाते. ती सगळी लिबलिबीत होऊन विरघळलेली. उरोस्थीचे आठही तुकडे सुटे. मणके सुटे. सव्वीस बरगड्या तळाशी, एकीलाही खूण नाही. मापं घेतली नव्हती, फोटो काढले नव्हते.

१६ आणि १७ नोव्हेंबर

दीड दिवस बरगड्या जुळवत बसलो. कुणावर अशीच वेळ आली तर :

पहिली ओळखायला सोपी, सगळ्यात आखूड आणि जाडसर. शेवटच्या दोन-तीनही सोप्या, कारण त्यांचं डोकं आणि मागचा उंचवटा एकमेकांत मिसळत जातात. सगळा घोळ सहावी ते नववी या चार भावंडांत. लांबीवर जाऊ नका, फरक इतका थोडा असतो की ऊन बदललं तरी मत बदलतं. मी शेवटी मणके ओळीने वाळूत रोवले आणि एकेक बरगडी बसवून पाहिली. मधल्या बरगडीचं डोकं एका मणक्यावर बसत नाही, दोन मणक्यांच्या फटीत बसतं, आणि उंचवटा मागच्या मणक्याच्या आडव्या काट्याला टेकतो. तिन्ही ठिकाणी खट्‌कन बसली तर ती तिथलीच.

मणके लावायला खूण अकराव्याची. त्याच्या पुढच्या मणक्यांचे काटे मागे झुकलेले, मागच्यांचे पुढे. बहुतेक कुत्र्यांत अकरावाच तो सरळ उभा राहणारा.

एक कमाई झाली. उजव्या आठव्या बरगडीवर जुनी, जुळून आलेली मोड सापडली, बोराएवढी गाठ. याआधीही कधीतरी त्यानं लाथ किंवा धडक खाल्ली होती. ती बरगडी वेगळी ठेवली.

२ डिसेंबर

उकळल्याचा दुसरा तोटा आता दिसला. चरबी हाडात मुरली. वाळवलेल्या मणक्यांवर पिवळे तेलकट डाग फुटायला लागले. व्हिमच्या कोमट पाण्यात आठ दिवस, रोज पाणी बदलून. तरी चार मणके पिवळेच. नंतर ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये घातले, पैकी एक घमेलं शनिवार-रविवार तसंच राहिलं. त्या बरगड्यांचा वरचा थर खडूसारखा हाताला लागतो. ब्लीचिंग पावडर मात्र कुणी कितीही सांगितलं तरी वापरू नका, ती हाड आतून खाते.

मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ही हाडं सुटी ठेवा, पोरांना ओळखायला द्या. नमुन्यासाठी दुसरं शव येऊ दे."

९ जानेवारी २०२५

दुसरं शव. मादी, सात वर्षांची, १६ किलो. गर्भाशयात पू झालेला, उशिरा आणली. छातीला कसलाही मार नाही.

यावेळी डायफ्रॅमला टोचा मारला आणि तो सुस्कारा आला. मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे. डायफ्रॅमचा घुमट डोळ्यांदेखत सैल पडला.

फुफ्फुसं काढायला अडीच तास घेतले, घाई अजिबात नाही. व्हेना कॅव्हा आधी डायफ्रॅमपाशी कापली, मग हृदयापाशी, आणि मधला तुकडा लोबाच्या कुशीतच राहू दिला. मध्यभागी दोन्ही बाजू वेगळ्या करणारा पडदा कुत्र्यात इतका पातळ असतो की त्यामागे धरलेलं बोट दिसतं. हृदय तिसऱ्या बरगडीपासून सहाव्यापर्यंत. काढायच्या आधी बाहेरून बरगड्यांवर दोऱ्याने खुणा केल्या, नंतर मांडणीत त्याच कामी आल्या.

१० जानेवारी

फुफ्फुसांतलं रक्त धुतलं. फुफ्फुसधमनीतून नळाचं पाणी हळूहळू सोडायचं, गुलाबीचं फिकट पांढरं होईपर्यंत. टँकरचं पाणी गाळून घ्या, आमच्याकडे पहिल्यांदा बारीक रेती गेली.

मग श्वासनलिकेत नळी बांधून मत्स्यालयाचा हवापंप जोडला (₹६५०). फुगेना. डावा पुढचा लोब सुटा पडलेला. टबात बुडवून पंक्चरवाल्यासारखं बघितलं, बुडबुडे टोकापाशी. सुरीचं टोक लागलं होतं. ओल्या फुफ्फुसावर फेविक्विक धरत नाही, नुसती पांढरी खपली येते. टोक चिमटीत धरून दोऱ्याने बांधलं. जमलं.

फुगल्यावर जे दिसतं ते मिटलेल्या फुफ्फुसात कधीच दिसत नाही. कुत्र्याच्या लोबांमधल्या चिरा खूप खोल जातात, एकेक लोब झाडाच्या पानासारखा स्वतंत्र हलतो. तो पिळा खाऊन कसा अडकू शकतो ते हातात धरल्यावर पटतं. डाव्या बाजूला दोनच लोब, पण पुढचा अर्धा चिरलेला, त्यामुळे मुलं तीन मोजतात. मोजायच्या असतात त्या श्वासनलिकेच्या फांद्या, आणि त्या दोन्ही भागांना मिळून फांदी एकच आहे. उजवीकडे चौथ्या बरगडीच्या आसपास फुफ्फुसाला खाच, तिथे हृदय थेट छातीच्या भिंतीला लागतं. हृदयाभोवतीचं पाणी काढायला सुई बहुधा उजवीकडूनच घालतात, त्याचं कारण ही बोटभर खाच.

१५ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. मधल्या रात्री लाईट गेली, पंप बंद. सकाळी येऊन बघतो तर दोन्ही फुफ्फुसं चपटी, कडा चिकटलेल्या. अर्धवट वाळलेली, त्यामुळे नुसती हवा सोडली तर फाटणार. दिवसभर पाण्यात भिजवली, परत फुगवली. डाव्या मागच्या लोबावर एक सुरकुती कायमची राहिली.

लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर कॉम्प्युटर लॅबचा, तो मिळेना. तोडगा मामांचा. गावाकडून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली, हवा भरली, तिच्या व्हॉल्व्हला सलाईनच्या सेटची नळी जोडली. सेटवर थेंब कमीजास्त करायचं जे चाक असतं, त्याने हवेचा वेग जमवता येतो. एक भरलेली ट्यूब आमच्याकडे आठ तास पुरली. रात्री दहाला मामा घरून येऊन भरून जायचे. फुफ्फुसावर बारीक सुईने पन्नासेक टोचे मारले, म्हणजे हवा आरपार वाहते आणि आतूनही वाळतं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

२६ जानेवारी

फुफ्फुसं वाळली. पापडासारखी. बोटाने वाजवली तर टकटक आवाज. किडे लागू नयेत म्हणून काचपेटीत.

२८ जानेवारी ते १० फेब्रुवारी

या दिवसांत पिंजरा झाला. पातेलं नाही, गॅस नाही.

आधी मापं. गवंड्याचा मोठा कॅलिपर आणला आणि तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या बरगडीपाशी रुंदी आणि खोली मोजली. जीआय तारेची तीन कडी त्या मापाने वाकवून ठेवली. चारही बाजूंनी फोटो. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून छोटे टॅग केले, खिळ्याने भोकं पाडली : एक भोक म्हणजे पहिली बरगडी, डावीकडच्या टॅगचा कोपरा कापलेला. शाई पाण्यात जाते, भोकं जात नाहीत.

उरोस्थी आणि कार्टिलेज हाडाच्या टोकाशी सुरीने वेगळं केलं आणि एका तुकड्यात बाजूला काढलं. पाण्यात कुजवायची फक्त हाडं. १०० लिटरचा ड्रम, मत्स्यालयाचा हीटर ३५ अंशांवर (₹५५०). थंडीत हीटर नसता तर महिनाभर गेला असता, इथे बारा दिवसांत मांस सुटलं. वासाबद्दल शेजारच्या विभागाची तक्रार आली, योग्यच होती, ड्रम जनावरांच्या गोठ्यामागे नेला.

मणके सोडवताना एक गोष्ट मुद्दाम बघितली. दोन बाजूंच्या बरगड्यांची डोकी एका आडव्या पट्टीने एकमेकींना बांधलेली असतात, मणक्यांमधल्या गादीच्या वरून. दुसऱ्या बरगडीपासून अकराव्यापर्यंत ही पट्टी असते, पहिलीला नाही आणि शेवटच्या दोघींना नाही. डॅशहुंडसारख्या कुत्र्यांत गादी सरकते ती जास्त करून या पट्टीच्या मागे, छाती संपते तिथे. पट्टी कापायच्या आधी मॅडमना बोलावून दाखवली. त्यांनी फोटो काढला आणि पुढच्याच आठवड्यात तासाला वापरला.

कार्टिलेजचं काय करायचं? नुसतं वाळवलं तर आक्रसतं आणि वळतं. फॉर्मालिनमध्ये दोन दिवस, मग थर्माकोलच्या साच्यावर टाचण्यांनी बसवून सावलीत आठ दिवस. तरी थोडं आक्रसलंच. पुढे उरलेली फट एम-सीलने भरली, खडूच्या भुकटीत घोळून रंग जमवला. जवळून बघितलं तर कळतं. कळू दे.

१६ फेब्रुवारी

मांडणी. पहिला प्रयत्न वाया.

मणके ४ मिमीच्या सळईवर एकाला एक चिकटून ओवले. बरगड्या लावल्या, उरोस्थी खाली धरली आणि ती तीन सेंटिमीटर लांब पडली. अर्धा तास उरोस्थीला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की मणक्यांमधल्या गाद्या कुजून गेल्या आहेत आणि त्यांची जागा मी सोडलीच नाही. तेरा मणक्यांत बारा गाद्या, अडीच-अडीच मिलिमीटरच्या. मामांनी जुनी स्लिपर कापून चकत्या केल्या. उरोस्थी बसली.

दुसरं म्हणजे, मी बरगड्या सरळ खाली सोडल्या होत्या. बरगडी मागे झुकत उतरते आणि कार्टिलेज लागलं की गुडघा मोडल्यासारखी पुढे वळून उरोस्थीला मिळते. तो गुडघा जमला नाही की छाती पिंपासारखी दिसते. तारेची कडी इथे कामी आली. कडी आत घालायची, बरगड्या त्यावर टेकवायच्या, चिकटवायच्या, वाळल्यावर कडी कापून काढायची. पहिल्या नऊ जोड्या उरोस्थीला, पुढच्या तीन एकमेकींच्या आधाराने कमानीत, तेरावी मोकळी.

२१ फेब्रुवारी

डायफ्रॅम. खरा टिकत नाही, वाळून चामडं होतं. मच्छरदाणीची जाळी फेविकॉलमध्ये बुडवून मोठ्या फुग्यावर पसरली. फुगा रात्रीतून फुटला, जाळीचं पायपुसणं झालं. दुसऱ्यांदा फुग्याऐवजी स्टीलचा वाडगा उपडा घातला, आतून तेल लावलेलं प्लास्टिक. झालं. तीन भोकं पाडली : महाधमनीचं अगदी वर मणक्याला लागून, अन्ननलिकेचं त्याखाली, आणि महाशिरेचं मधल्या पांढऱ्या भागात, उजवीकडे.

घुमट बसवला तेव्हा मीही थांबून बघत राहिलो. कडा शेवटच्या बरगड्यांना, पण माथा सहाव्या बरगडीच्या रेषेपर्यंत पुढे. म्हणजे बाहेरून छाती वाटते तिचा मागचा मोठा भाग आतून पोट आहे. यकृत जवळजवळ सगळं बरगड्यांच्या आड.

२४ फेब्रुवारी

हिशेब. पातेलं ₹१,१००, हीटर ₹५५०, पंप ₹६५०, पेरॉक्साइड ₹९००, सळई-तार-फळी ₹७८०, एम-सील वगैरे ₹२१०. एकूण ₹४,१९०. फळी सागाची घेतली, वाळवीचा अनुभव ताजा होता. ट्यूब फुकट, फक्त मामांना ती परत हवी आहे.

३ मार्च

पहिली बॅच. नमुना मधल्या टेबलावर, पहिल्या कुत्र्याच्या सुट्या बरगड्या ट्रेमध्ये. मॅडमनी एका मुलीला विचारलं, छातीत पाणी झालंय, सुई कुठे घालशील? तिने बोट नवव्या बरगडीच्या मागच्या कडेला ठेवलं. मॅडमनी तिला आतून हात घालायला सांगितला. बोटाला जाळी लागली. "हे काय आहे?" "डायफ्रॅम." "आणि पलीकडे?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "यकृत." मग स्वतःहूनच बोट दोन बरगड्या पुढे नेलं. मॅडम म्हणाल्या, "आणि कड?" शिरा-धमन्या बरगडीच्या मागच्या कडेने जातात, सुई पुढच्या कडेने. ते तिला पाठ होतं, बोटाला अजून नव्हतं.

ट्रेमधल्या सव्वीस बरगड्या ओळीने लावायला चार जणांच्या गटाला पन्नास मिनिटं लागली. मला दीड दिवस लागला होता, हे मी सांगितलं नाही. मामांनी सांगितलं.

७ मार्च

डावी तेरावी निघाली. मोकळी असते म्हणून सगळे तिलाच हलवून बघतात. यावेळी मणक्यात भोक पाडून तार ओवली. टॅग क्रमांक तेराच्या भोकांपैकी एक बुजलंय, उद्या परत पाडायचं.